जादा गादीवरची आजी

"मी काही येणार नाही. तुम्ही सगळे जाऊन या," सासूबाई म्हणाल्या आणि जुळ्यांच्या गणवेशावर इस्त्री फिरवत राहिल्या.

आवाज चढलेला नव्हता की चेहऱ्यावर रुसवा नव्हता. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात कुणी मेन स्विच बंद करावा तशी शांतता पसरली. दहा वर्षांची मोठी नात बॅग भरता भरता थांबली. सहा वर्षांची जुळी भावंडं एरवी झोपेतसुद्धा बडबडतात, तीही गप्प झाली. आणि मुलांचा बाप, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, हातातला मोबाइल बाजूला ठेवून पहिलं वाक्य बोलला ते हे: "अगं आई, मग तिथे मुलांकडे कोण बघणार?"

"का गं, बरं वाटत नाही का?" असं त्याने विचारलं नाही. "कुणी काही बोललं का?" असंही नाही. आणि आपण विचारलं नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुमच्याआमच्या घरातही साधारण हेच वाक्य निघालं असतं.

सूनबाईला तर रागच आला. तिला राग यायला कारणही होतं. ती सोळा वर्षं एका पर्यटन कंपनीत नोकरीला होती. चौकात, बँकेच्या शेजारी, काचेच्या दाराआड तिचं टेबल. गिऱ्हाइकं तिला सहलताई म्हणायची आणि हळूहळू घरातल्यांनीही थट्टेथट्टेत तेच नाव उचललं. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रवाशांचे चारच प्रकार छापलेले होते: जोडपी, कुटुंबं, ज्येष्ठ आणि मित्रमंडळी. सहलताईला ते फारच ढोबळ वाटायचे. तिचे स्वतःचे प्रकार होते आणि ते ती कुणाला सांगायची नाही. नाश्त्याच्या दालनात तीन फेऱ्या मारून चौथीला 'आता फक्त फळं' म्हणणारे ते ताटभरू. सकाळी सहाला होडी, आठला सायकल आणि दहाला टेकडी मागणारे ते धडपडे. पाच दिवस खोलीचा पडदा न उघडणारे ते पडदेवाले. यांना समुद्र दिसणारी खोली देणं म्हणजे खोली वाया घालवणं. आणि वाळूवर पडून राहायचं, पण फोटोत मात्र धडपडे दिसायचं, अशीही एक जमात होती. माणूस खुर्चीत टेकून पाणी पिईपर्यंत त्याचा प्रकार तिला कळलेला असायचा.

तरीही ती नेमाने तीन प्रश्न विचारायची. सकाळी किती वाजता उठायला आवडतं? पाण्यात उतरता, की पाण्याकडे बघत बसता? आणि दिवसातले किती तास एकट्याने घालवायला आवडतील? नियम असा, की ज्याचं उत्तर त्याने द्यायचं. एखादा नवरा बायकोच्या वतीने बोलू लागला तर सहलताई गोड हसून म्हणायची, "साहेब, तुमचा नंबर नंतर." या तीन प्रश्नांमुळे तिने पाठवलेली माणसं सहसा तक्रार घेऊन परत यायची नाहीत.

यंदा मालकांनी तिला बक्षीस दिलं होतं. समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये पूर्ण कुटुंबाला पाच दिवस, ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे सगळं धरून. मनगटाला रंगीत पट्टा बांधला की नाश्ता, जेवण, पोहण्याचा तलाव, होड्या, खेळ, संध्याकाळची गाणी, सगळं त्यातच आलं. दोन खोल्या मिळणार होत्या. अर्ज सहलताईनेच भरला होता. समुद्राकडची खोली तिची आणि नवऱ्याची. बागेकडची खोली मुलांची, आणि तिथे सासूबाईंसाठी जादा गादी. या धंद्यात तो रोजचा शब्द आहे. पलंग पुरत नाहीत तिथे चाकांची घडीची खाट संध्याकाळी खोलीत आणतात आणि सकाळी घडी करून घेऊन जातात.

"सोळा वर्षं मी लोकांना समुद्र दाखवतेय," सहलताई गॅलरीत नवऱ्याला म्हणाली. वाळत घातलेले कपडे ती ओढून काढत होती. "आपण दोघं शेवटचं एक वाक्य पूर्ण कधी बोललो, आठवतंय तुला? मध्येच कुणाला तरी शू लागते. मला पाच संध्याकाळी हव्या होत्या, बस. आणि आईंनी नेमकं आत्ताच असं करायचं?"

"मी बोलतो तिच्याशी. ऐकेल ती. नेहमी ऐकते."

"नेहमी ऐकतात, मग यावेळी काय झालं?"

सहलीला बारा दिवस उरले होते आणि सासूबाई आल्या नाहीत तर सहल रद्द, इतकं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडून दहा मिनिटं झाली असतील, तोच सत्तरीच्या एक बाई काचेचं दार ढकलून आत आल्या. कापलेले पांढरे केस, पायात बुटांची नीट बांधलेली नाडी आणि हातात पुठ्ठ्याची फाइल. नगररचना कार्यालयात पस्तीस वर्षं नकाशे काढण्याचं काम केल्याचं त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं.

"मला एक खोली हवी," नकाशेवाल्या बाई म्हणाल्या. "एकटीसाठी. लहान मुलांना जिथे प्रवेश नाही, अशा ठिकाणी."

कालचा राग सहलताईच्या डोक्यातून उतरला नव्हता. तिच्या तोंडून निघून गेलं, "मुलं आवडत नाहीत वाटतं तुम्हाला?"

"दोन नातवंडं आहेत मला. दोघांचीही दुपटी मी धुतलीत. न आवडून सांगते कुणाला?"

"मग घरच्यांबरोबर जायचं ना. कुटुंबांसाठी आमच्याकडे फार चांगली रिसॉर्ट आहेत."

"ठाऊक आहे. सात वेळा जाऊन आले. त्यातल्या तीन वेळा तर तुमच्याच ऑफिसातून." बाईंनी माहितीपत्रक उचललं, मागची कोरी बाजू वर केली आणि पर्समधून शिसपेन्सिल काढली. "थांबा, काढूनच दाखवते."

पट्टी न घेता त्या सरळ रेघा मारत गेल्या. एक खोली, तिच्यात दोन पलंग आणि दाराजवळ एक आडवी खाट. खोलीतून निघणारी वाट. वाटेच्या टोकाला एक गोल. "हा छोट्यांचा तलाव. गुडघाभर पाणी. सात ठिकाणचे सात पाहिलेत, सगळ्यांचा तळ निळा असतो, एकाच्या तळाला मासे रंगवलेले होते." मग जेवणाच्या दालनाचा एक कोपरा, त्यात उंच खुर्च्या. मग स्वच्छतागृह. मग परत खोलीकडे येणारी वाट. तिथे पेन्सिल थांबली. कागदाचा तीन चतुर्थांश भाग कोरा होता.

"बाकीचं रिसॉर्ट?" सहलताईने विचारलं.

"ते काढता येणार नाही. मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं आम्ही नकाशात दाखवत नाही."

"समुद्र तरी पाहिलात ना?"

"खोलीतून दिसायचा म्हणे. त्यांच्या खोलीतून. माझ्या खोलीमागे जनरेटर होता."

सहलताईला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. तिच्या डोळ्यांसमोर दाराजवळची ती आडवी खाट होती.

"घरी सांगितलं नाहीत कधी?"

"काय सांगणार?" बाई शांतपणे म्हणाल्या. "माझा मुलगा वाईट नाही, सून तर लाखात एक आहे. 'आई, तुम्हालाही जरा बदल' असं म्हणून नेतात, आणि ते मनापासून म्हणतात. मी कुरकुर केली की पुढचा प्रश्न तयार असतो, 'तुम्हाला नातवंडं जड झाली का?' आता या प्रश्नाला कुठली आजी 'हो' म्हणेल? आणि 'नाही' म्हटलं, की बसा तलावाकाठी. म्हणून आपण काय म्हणतो, तर गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही, घराला कुलूप नको. माझ्या शेजारणी सगळ्या हेच सांगतात. निम्म्यांचे गुडघे माझ्याहून चांगले आहेत."

"पण घरात मदत लागतेच ना हो," सहलताई म्हणाली. नकळत ती स्वतःचीच बाजू मांडत होती. "आई-बापही दमतात. वर्षातून पाच दिवस त्यांनाही हवेत."

"हवेतच. कोण नाही म्हणतंय? त्यांचा हक्कच आहे तो. पण पाच माणसं सुट्टीला गेली तर पाचांनाही थोडीथोडी सुट्टी मिळायला हवी ना? आमच्याकडे चौघांना पूर्ण मिळते, कारण पाचवी कामावर असते. घरात निदान ते काम आहे हे सगळ्यांना दिसतं. रिसॉर्टमध्ये तेही दिसत नाही. मनगटाला माझ्याही पट्टा असतोच की."

सहलताईने मान खाली घातली आणि अर्ज पुढे ओढला. सवयीने तिने तिन्ही प्रश्न विचारले. बाईंनी तिन्हींची उत्तरं झटपट दिली: सहाला, पाण्याकडे बघत, आणि सगळेच तास. डोंगरातल्या तळ्याकाठचं एक छोटं, शांत रिसॉर्ट सहलताईने त्यांना सुचवलं आणि ते त्यांना पसंतही पडलं.

उठताना बाई म्हणाल्या, "प्रश्न चांगले आहेत तुमचे. सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना."

"पण आमच्या तीन सहलींच्या वेळी मला नाही विचारलेत ते. माझा मुलगा येऊन अर्ज भरून गेला होता. असो. धन्यवाद हं!" असं म्हणून त्या निघून गेल्यासुद्धा.

सहलताई जागेवरून उठली आणि भिंतीकडचं लोखंडी कपाट उघडून वर्षभराचे कौटुंबिक अर्ज टेबलावर घेऊन बसली. अर्जात एक रकाना होता, प्रवाशाचा प्रकार. आजी किंवा आजोबा असलेला अर्ज आला की ती वेगळा काढून ठेवू लागली. चौसष्ट निघाले. चौसष्टही अर्जांवर त्या रकान्यात तिच्याच वळणदार अक्षरात एकच शब्द होता: मुलांसोबत. पुढच्या तीन प्रश्नांच्या जागी आडव्या रेघा. ताटभरू नाही, धडपडे नाही, पडदेवाले नाही. साठ-सत्तर वर्षं जगलेली चौसष्ट माणसं, आणि त्यांना कशाची हौस आहे हे त्या कपाटात कुठेच नोंदलेलं नव्हतं.

ढिगाच्या अगदी वर चार दिवसांपूर्वीचा अर्ज होता. तिच्या स्वतःच्या घराचा. सासूबाईंच्या नावापुढे 'मुलांसोबत', आणि तीन आडव्या रेघा. अख्ख्या गावाला नियम सांगणाऱ्या सहलताईने घरातल्या माणसाला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता!

तिला लाज वाटली. खरीखुरी, कान गरम करणारी लाज. पण सहलताई लाजून गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हती. चूक सापडली की ती त्याच दिवशी दुरुस्त करायची, हा तिचा ऑफिसातला लौकिक होता. मालकांना सांगून तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, एक कोरा अर्ज पर्समध्ये घातला आणि घर गाठलं.

दुपारचे दोन वाजत होते. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर, हातात चहाचा कप, आणि रेडिओ अगदी हळू लावलेला. सून अवेळी दारात दिसताच त्या घाईघाईने उठल्या आणि कप टेबलावर हिंदकळला.

"काय गं, बरं नाही का तुला? डोकं दुखतंय?"

काल याच घरात कुणालाही न सुचलेला प्रश्न त्यांच्या तोंडून पहिला निघाला. सहलताईने त्यांना खांदे धरून परत खुर्चीत बसवलं, स्टूल पुन्हा पायांशी सरकवलं आणि समोर जमिनीवर बसकण मारली.

"आई, गिऱ्हाइकांना विचारते ते प्रश्न तुम्हाला विचारू?"

"मी येत नाहीये ना पण."

"नका येऊ. तरी विचारते. सकाळी किती वाजता उठायला आवडतं?"

"पाचला उठतेच की मी. तुला माहीत नाही का?"

"उठता ते माहीत आहे. आवडतं किती वाजता?"

सासूबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. इकडच्या माणसाचा आवाज तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण मध्येच गप्प राहायचं, हेच त्यांचं काम होतं.

"तीस वर्षं सहाची पाळी केली," त्या म्हणाल्या. "त्यातच याची शाळा, मग कॉलेज. आता तुझ्या मुलांच्या शाळा. पाचला उठायला आवडतं का, हे कुणी विचारलंच नाही, मीही नाही." त्यांनी थोडा विचार केला. "साडेआठ. चालत असेल तर नऊ लिही."

"नऊ लिहिलं. आता दुसरा. पाण्यात उतरता की पाण्याकडे बघत बसता?"

"उतरते म्हणजे काय? शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत दुसरी आले होते मी. पहिली आलेली माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती."

सहलताईचं पेन थबकलं. पंधरा वर्षं ती या बाईंबरोबर एका घरात राहत होती. मागच्या चार सहलींमध्ये प्रत्येक तलावाकाठी तिने सासूबाईंना कोरड्या कपड्यांत, मांडीवर टॉवेलांचा गठ्ठा घेऊन बसलेलं पाहिलं होतं. "आई, मग तुम्ही कधी उतरला का नाहीत?"

"टॉवेल कुणी धरायचे?" सासूबाईंनी अगदी सहज विचारलं. "आणि जुळ्यांवरची नजर काढून चालतं का? एक इकडे पळतो, एक तिकडे."

"तिसरा प्रश्न. दिवसातले किती तास एकट्याने घालवायला आवडतील?"

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मुलं साडेतीनला येतात. तोवर हे सगळे तास माझेच असतात बघ. स्वयंपाक उरकला की मी इथे बसते. कधी रेडिओ ऐकते, कधी काहीच करत नाही." मग इतक्या दिवसांचं मनातलं एकदाचं बाहेर आलं. "खरं सांगू? म्हणूनच मी येत नाही म्हटलं. इथे मुलं सहा तास शाळेत तरी असतात. तिथे ती चोवीस तास माझ्याकडे. तुमची सुट्टी सुरू झाली की माझी डबल पाळी लागते. तुम्ही पाच दिवस गेलात ना, तर ती माझी सुट्टी झाली असती, इथेच, या खुर्चीत. मुलं मला जड नाहीत हो. तसं समजू नकोस."

"नाही समजत, आई."

"मग डोळे का पुसतेस?"

"चूक माझी आहे, म्हणून. हेच मी रोज लोकांना शिकवते आणि घरी…" सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, तुला तरी कुठे उसंत असते? तुम्हा दोघांनाही वेळ हवाच आहे. मला दिसत नाही का?"

सहलताईने डोळे पुसले आणि कामाला लागली. रिसॉर्टचं माहितीपत्रक तिला तोंडपाठ होतं. तिथे मुलांचा क्लब होता, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सात, सांभाळायला शिकलेली माणसं, रंग, खेळ, गोष्टी, सगळं त्या पट्ट्यातच धरलेलं. हा क्लब ती गिऱ्हाइकांना रोज वाखाणून सांगायची. स्वतःच्या चार सहलींत मात्र तिने तो एकदाही वापरला नव्हता, कारण आई होत्याच!

"आई, समुद्राकडची खोली तुमची. एकटीची. आम्ही पाच जण बागेकडच्या खोलीत. नऊपर्यंत झोपा, पोहा, हवं तर दिवसभर काहीच करू नका. अशी सहल असेल तर याल?"

सासूबाईंनी पाय स्टुलावरून खाली घेतले. मग म्हणाल्या, "माझी एक अट आहे. जेवताना मला वेगळ्या टेबलावर बसू द्यायचं. मला एकदा गरम गरम खायचंय."

संध्याकाळी नवरा घरी आला आणि नवा बेत ऐकून खुर्चीतच बसला. "पाच जण एका खोलीत? पलंग तर तीनच असतात ना?"

"जुळी एका पलंगावर मावतात. आणि जादा गादी आहे की. तिच्यावर तू."

"मी?"

"मग कोण? चार सहली आई झोपल्या त्यावर. त्यांच्या पाठीला चालली, तुझ्या पाठीला काय झालंय?"

"तसं नाही गं. पण आईला तिथे एकटं कसं वाटेल? बघणारे म्हणतील, आईला वेगळं टाकलं. आणि क्लबमध्ये मुलं रडली म्हणजे?"

"रडली तर तू जाशील. बघणाऱ्यांचं बघणाऱ्यांवर सोड. आणि आईंना कसं वाटेल हे मला का विचारतोस? त्या आत बसल्यात."

तो उठला. दारात क्षणभर घुटमळला, कारण आईला असलं काही विचारायची त्याला सवय नव्हती. "आई, तुला वेगळ्या खोलीत एकटीला चालेल का गं?"

"चालेल काय, आवडेल," आतून आवाज आला, आणि त्या आवाजात अशी काही ऐट होती की तो निमूटपणे परत फिरला आणि नंतर त्याने वाद घातला नाही. पटलं मात्र नव्हतं. हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणीही सांगितलं असतं.

ते त्याला पटलं तिसऱ्या दिवशी, रिसॉर्टच्या जेवणाच्या दालनात. सकाळचे साडेनऊ झाले होते. लांबच लांब टेबलांवर फळं, अंडी आणि तऱ्हेतऱ्हेचे ब्रेड मांडलेले, आणि ताटभरूंच्या दुसऱ्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. सासूबाई आल्या त्या ओल्या केसांनी, मोठ्या तलावाच्या चार फेऱ्या मारून. चेहरा तजेलदार दिसत होता. त्यांनी लांबूनच नातवंडांना हात हलवला, गरम ऑम्लेट करून घेतलं आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर समुद्राकडे तोंड करून बसल्या.

त्यांनी पहिला घास उचलला आणि इकडे जुळ्यांपैकी एकाने दुधाचा ग्लास पाडला. दूध टेबलावरून मोठीच्या नव्या फ्रॉकवर, तिथून खाली. मोठी किंचाळली, पाडणारा घाबरून रडू लागला आणि न पाडणारा त्याला साथ म्हणून. "आजीऽ, आजीऽ!" दोघांनी एकच सूर लावला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. सहलताई त्या वेळी फळांच्या रांगेत, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

खिडकीजवळ सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. घास खाली ठेवला गेला होता, हात रुमालाकडे वळला होता. कुणी सांगावं लागलं नव्हतं. इतक्या वर्षांत अंगात मुरलेलं होतं ते.

त्यांच्या मुलाने ते पाहिलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आई उठते हे त्याने हजारदा पाहिलं असेल, पण ती घास टाकून उठते हे त्याला आज दिसलं. त्याने तिच्याकडे बघून हाताने खूण केली: तू बस. आणि तो स्वतः कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन टेबलाखाली गुडघ्यांवर बसला. त्याने फरशी पुसली. मोठीला खोलीत फ्रॉक बदलायला पाठवलं. रडणाऱ्याला उचलून घेतलं, न पाडता रडणाऱ्याला दुसऱ्या हाताने धरलं आणि दोघांना गप्प करायला त्याला पुरती वीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्याचा स्वतःचा चहा थंड झाला, ब्रेड वातड झाला आणि शर्टाच्या बाहीला दुधाचा वास यायला लागला.

सासूबाई बसल्या. पहिले दोन घास त्यांना गोड लागले नाहीत, नजर पुनःपुन्हा तिकडेच जात होती. तिसऱ्या घासाला त्यांनी खुर्ची जराशी वळवली आणि ऑम्लेट गरम आहे तोवर संपवलं.

सगळं निवळल्यावर मुलगा त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. घामाघूम झाला होता. "आई, रोज एवढं असतं?"

"आज कमी आहे," त्या म्हणाल्या. "आज दोघांनी मारामारी केली नाही."

तो खाली बसला. "मी तुला कधी विचारलं नाही गं," तो म्हणाला. "माफ कर." त्याने हे हळू म्हटलं, पण सरळ म्हटलं, आणि आईने त्याच्यासाठी नवा चहा मागवला.

त्या पाच दिवसांत पती-पत्नींना पाच संध्याकाळी मिळाल्या नाहीत, तीन मिळाल्या. एका संध्याकाळी क्लबमधून बोलावणं आलं, आणि एकदा जुळ्यांना ताप भरल्यासारखं वाटलं. दोन्ही वेळा आई-बापच धावले. पण ज्या तीन मिळाल्या त्या त्यांनी वाळूवर चालत, एकेक वाक्य पूर्ण करत घालवल्या. आणि चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या तलावात एक आजी तिच्या नातीला पाण्यावर पाठ टेकून तरंगायला शिकवताना दिसली. कुणी सांगितलं म्हणून नाही. आजीला हौस आली म्हणून. नात नंतर सगळ्यांना सांगत सुटली की आमची आजी शर्यतीतली आहे.

परत आल्यावर सहलताईने 'मुलांसोबत' हा शब्द ऑफिसातून कायमचा हद्दपार केला. आता घरातली कितीही माणसं सहलीला निघोत, तिन्ही उत्तरं ज्याची त्याने द्यायची. आजीला ऑफिसात येणं जमत नसेल तर सहलताई स्वतः फोन करते. सुरुवातीला मुलगे-मुली कुरकुरतात, "आईचं काय विचारायचं, तिला सगळं चालतं." सहलताई गोड हसते आणि नंबर मागते. तिच्या अनुभवात अजून एकाही आजीने तिन्ही प्रश्नांना 'काहीही चालेल' असं उत्तर दिलेलं नाही. बऱ्याच जणींना नातवंडांसोबतच राहायचं असतं, आणि त्या तसं आनंदाने सांगतात. काहींना नसतं. एका आजीला घोड्यावर बसायचं होतं.

वाचकहो, आपण सगळे सुट्टीला जातो, आणि जावंच. दमलेल्या आई-बापांनी जावं, मुलांनी जावं, आजी-आजोबांना बरोबर न्यावं. पण कुणाला आपण माणूस म्हणून नेतो आहोत आणि कुणाला सोय म्हणून, हे निघण्याआधी स्वतःला विचारायला हवं. घरातल्या मोठ्या माणसांची माया आपल्याला आयती मिळते, म्हणून त्यांचे श्रमही आयते धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी मुलं सांभाळली तर ते त्यांचं दान आहे, कर्तव्य नव्हे. ते त्यांच्याकडून मागून घ्यावं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर रुसू नये. बॅगा भरायच्या आधी घरातल्या सगळ्यात गप्प माणसाजवळ जाऊन बसा. "तुम्हाला काय आवडेल?" एवढंच विचारा, आणि पहिल्या उत्तरावर उठू नका.